प्याल्याखालच्या ओंजळी

प्रिय चिमणे,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. आपल्या चर्चच्या ऑर्गनवाल्या काकू लिहून घेतायत. मी सांगतो आणि त्या मध्येच कसली तरी चाल गुणगुणतात, त्यामुळे एखादं वाक्य सुरात आलं तर दोष त्यांचा. माझा हात आता माझं ऐकत नाही. तू फोनवर दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी हवापाण्यावर जातो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्यासारख्या नर्सला कोण फसवणार?

दुपारी खिडकीशी बसतो. उन्हाचा पट्टा पलंगावरून जमिनीवर उतरतो, माझा डोळा लागतो आणि शेजारच्या खोलीत तुझी आई कपड्यांच्या घड्या घालताना ऐकू येते. जाग आल्यावरही ती थोडा वेळ तिथेच असते. मी हाक मारत नाही. हाक मारली की जाते.

तर एक गंमत ऐक. गेलं वर्षभर चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारस देताना मला आपली मंडळी फारच भाविक झाल्यासारखी वाटत होती. मी प्याला एकेकाच्या ओठांशी नेला की वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेला प्रत्येक जण खाली दोन्ही हातांची ओंजळ धरायचा. एरवी उपासनेत घोरणारा म्हातारा सुतारसुद्धा! मला भरून यायचं. वाटायचं, नम्रतेवर आयुष्यभर घसा कोरडा केला, त्याचं चीज झालं. एका रविवारी मी उपदेशात त्यांचं कौतुकही केलं. सगळे माना खाली घालून बसले. तीही मी नम्रताच समजलो, कप्पाळ माझं!

मग तापानं आडवा झालो आणि माझ्या जागी पाहुणे पाळक आले. तरुण माणूस, हात अगदी स्थिर. मी शाल पांघरून शेवटच्या बाकावर बसलो होतो. प्याला एकेकाच्या ओठांशी गेला आणि एकानंही ओंजळ धरली नाही. सुताराचे हात तर कठड्यावर निवांत पडले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या थरथरत्या हातातून सांडणारा द्राक्षारस ही माणसं वर्षभर झेलत होती, आणि कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. या काकूही त्यातल्याच. आत्ता लिहायचं थांबून खिडकीबाहेर बघतायत.

लाज वाटली, नाही असं नाही. पण त्या बाकावर बसल्या बसल्या आपल्याला कुणीतरी अलगद उचलून धरलंय, असंच वाटत राहिलं. अजूनही दुपारी पेंगताना तसंच वाटतं.

पुढच्या रविवारी मी प्याला पाहुण्यांकडेच राहू दिला आणि मंडळींबरोबर कठड्याशी गुडघे टेकले. उठता येईना. सुतारानं काखेत हात घातला, मी घालू दिला.

चर्चमध्ये आधार घेणं जमलं, घरी जमत नाही. शर्टाच्या बटणांपायी सकाळ जाते, दाढी करताना गाल कापतो, पाण्याचा तांब्या डोक्यापर्यंत पोचत नाही. तू दोनदा म्हणालीस, येऊन राहते, आणि दोनदा मी म्हणालो, मला काय धाड भरलीये! खरं सांगू? लेकीपुढे असं लहान होऊन बसायचं, याची मला फार भीती वाटते. काकूंसमोर हे सांगतानाही वाटतेय. तरी ये, चिमणे. मला आंघोळ घाल, जेवू घाल. मी नको नको म्हणेन. तू पाणी तापत ठेव.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा