चित्राच्या कोपऱ्यातलं काजळ

अकोला, ११ सप्टें. ६१
पोळ्याची सुटी संपली. तिसरीच्या मुलींना बैल काढायला सांगितले. कुणाचा कुत्रा झाला, कुणाची खाट. सगळ्यांना शाब्बास म्हटलं. पगार त्याचाच मिळतो.

घरी आले तर विमीने उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर कोळशाने शेजारचा बैल काढलेला. पोळा उरकल्यानंतरचा. शिंगांचा रंग अर्धा उडालेला, माळ एका बाजूला घसरलेली, चिखलात बसलाय, आणि तोंडावर असं की, झालं का तुमचं सगळं. अकरा वर्षांची पोर. मला त्या बैलाच्या मानेवरून हात फिरवावासा वाटला, खरंच.

"आई, कसा झाला?"

"बरा हाये. हात धुव, काळे झाले."

ती नळावर गेली तेवढ्यात फळीवरची काजळाची डबी काढली आणि चित्राच्या कोपऱ्यात तीट लावली. लेकराच्या गालाला लावतात तेवढीच. नजर लागू नये म्हणून. मी म्हणे ट्रेनिंग झालेली मास्तरीण! कुणाला सांगायची सोय नाही.

१७ सप्टें.
हे काल संध्याकाळी आले. अमरावतीच्या कचेरीत बदली झाल्यापासून पंधरवड्याने येतात. बैल पाहून एकदम खूश. उठून चालायला लागेल म्हणाले, कचेरीत नेऊन दाखवतो म्हणाले. विमी नुसती हसत सुटली. मी चुलीपासूनच म्हटलं, पुरे झालं.

ती खेळायला गेल्यावर जुंपली. "बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हारा मोर्णा नदीत सोडला, ताईत-दोरे फेकले, अन् नजर तेवढी सोडवत नाही तुले?"

मी एवढंच म्हटलं, वसंता.

त्यांनी हातातलं चित्र खाली ठेवलं. वसंता आमचा पहिला. गायचा. लोक दारात थांबून ऐकायचे. आणि सगळ्यांत जास्त मीच मिरवायचे, गळा पाहावा तर माझ्या लेकाचा. चौथं वर्ष सरत होतं, घटसर्पाने तोच गळा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. साथ होतीच. मलाही कळतं. कळून काय उपयोग.

आज गाडीला निघताना दारात थांबून म्हणाले, "ठीक हाये, मीबी नाही बोलत आता. पण त्या पोरीचं तोंड पाह्य एकदा."

पाहिलं. मग भांडी घासायला बसले.

८ ऑक्टो.
शेळीचं चित्र. पुढचे पाय बाभळीवर टेकवून वर ताणलेली, मागचे पाय थरथरतात हे कोळशात कसं दाखवलं कोण जाणे. परवा जिनिंग मिलकडे निघालेली कापसाची बैलबंडी, वर गडी झोपलेला, तोंड उघडं. दोन्हींना तीट लावली.

आज तिने पाहिलं. कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "आई, हे काहून केलं?"

काय सांगणार. एवढ्याशा पोरीला मेलेल्या भावाचं सांगायचं? की तुझी आई शाळेत एक बोलते आणि घरात एक करते, हे? असू दे म्हटलं. जेव म्हटलं.

ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. जेवली थोडंसंच.

२२ ऑक्टो.
हे आले, गेले. चित्रांबद्दल अवाक्षर नाही. शब्द पाळतात. विमी दोनदा वही घेऊन त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. त्यांनी पेपर वाचला. पेपर उलटा असता तरी कळलं नसतं त्यांना.

२० नोव्हें.
विमी हल्ली पुस्तकातले पोपट काढते. कमळं, फुलदाण्या, हंस. पट्टी ठेवून चौकट आखते. बायका म्हणतात, काय साफ हात आहे. म्हणू देत. या चित्रांना काजळ लावावंसं वाटत नाही, जीव उडत नाही. सुटल्यासारखं वाटतं.

बाहेर जाऊन कोळशाने काढत नाही आता. थंडी आहे म्हणून असेल.

३ डिसें.
पुन्हा पोपट. माझ्यापुढे धरला आणि मी काय करते ते बघत राहिली. मी चांगलं-वाईट काहीच बोलले नाही. डबी फळीवरच होती. पोर समाधानाने गेली. मला वाटलं, घर शांत झालं.

१४ जाने. ६२
हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर सुटीच्या दिवशी निवडक पोरांना घरी शिकवतात. विमीला जायचंय. दोन दिवस माझ्यामागे पदर धरून होती. आज वही घेऊन दोघी गेलो. त्यांनी पानं उलटली. भला माणूस, चहाही दिला. म्हणाले, "हात साफ हाये, बाई. पण पोरीचं स्वतःचं यात काही दिसत नाही. अशा पुष्कळ येतात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांबा, बैल दाखवते, शेळी दाखवते. घरी आले, पेटी उपसली. पोपट. हंस. कमळ. विमीला विचारलं, बैल कुठे?

"चुलीत घातला."

शेळी? बंडी?

"सारेच घातले. तू ज्याच्यावर काळा ठिपका द्यायची ते मी जाळत होती."

काहून, म्हटलं.

"बिघडलं म्हणूनच तं द्यायची ना? पोपटावर एकबी नाही देल्ला."

मी पेटीजवळच बसून राहिले. पोर बिचारी मला पाणी घेऊन आली.

१५ जाने.
शाळेत शाब्बास म्हणायला तोंड उघडेना. मुलींना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीपाशी उभी राहिले. माझ्याच चुलीवर, माझ्याच भाकरी भाजल्या गेल्या त्या चित्रांवर.

२१ जाने.
हे आले. सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. म्हणाले, आता तिले सांग. मी सांगू का? म्हटलं, नाही, मीच.

दुपारी तिला जवळ घेऊन सांगितलं. वसंताचं, गाण्याचं, तीट कशासाठी लावतात ते. ऐकून घेतलं तिने. रडली नाही. मी रडले.

"म्हंजे तो बैल चांगला होता?"

हो म्हटलं. त्याची मान, चिखल, ती घसरलेली माळ, आठवेल ते सगळं सांगत सुटले. चार महिने तुंबलेलं. ती ऐकत होती, पण दुसऱ्या कुणाच्या पोरीचं ऐकावं तसं.

"मले वाटलं, तुले पोपटच आवडते," म्हणाली. मग म्हणाली, "आता तसा नाही येत मले."

२८ जाने.
हे रंगांची पेटी ठेवून गेलेत. पेटी तशीच. कोळसाही तसाच. मी मुद्दाम चुलीतले चांगले तुकडे वेगळे काढून ठेवते आणि ते कुणी नेत नाही.

२ फेब्रु.
शाळेतून येऊन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. विमी समोर कधी येऊन बसली कळलं नाही. उठले तेव्हा कागद पालथा टाकून पळाली. मी उलटा केला. मीच. खांदे पडलेले, तोंड कडवट, सूप मांडीवर, बोटं तांदळात आणि लक्ष भलतीकडे. अशी दिसते मी. वाईट वाटलं आणि छातीत भरून आलं, दोन्ही एकदम.

हात फळीकडे गेला. परत घेतला. अंगणात जाऊन तिला मोठ्याने म्हटलं, "विमे, लय चांगलं काढलं. माह्यं मन काढलं तू."

शेजारणीने वळून पाहिलं. पाहू दे.

विमी आत आली. चित्र भिंतीशी उभं करून ठेवलं तिने, सगळ्यांना दिसेल असं. ठिपका नाही त्यावर.

५ फेब्रु.
सकाळपासून विमीला ताप. घसा दुखतो म्हणते. घसाच.

डॉक्टरांनी चमचा घालून पाहिलं. साधा घसा आहे, बाई, हवा बदलली. दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले. वसंताच्या वेळीही पहिल्या दिवशी साधाच होता. यांना निरोप धाडला. शाळेत रजेचा अर्ज दिला.

आता दुपार आहे. पोर झोपली म्हणून मी डायरी लिहायला बसले होते. चित्र समोरच भिंतीशी आहे आणि काजळाची डबी माझ्या मांडीवर. कधी काढली फळीवरून, आठवत नाही. मघाशी बोट भरून उठलेही होते. तेवढ्यात पाठीमागून बसक्या आवाजात विचारलं तिने, "आई, ते चित्र खरंच चांगलं हाये, का उगीच म्हटलं होतं?"

म्हटलं, आधी औषध घे.

घेतलं. कूस बदलली नाही, डोळे मिटले नाहीत. अजून माझ्याकडेच बघते आहे.