आधी जेवून घे

प्रिय अण्णा,

आज दुपारी मी भरल्या ताटावरून उठले. आई वाढता वाढता सहज म्हणाली, "आधी जेवून घे, मग एक सांगते." एवढंच! "कोण गेलं?" म्हणून मी ओरडलेच. बातमी काय होती, तर मामाकडची म्हैस व्याली, संध्याकाळी चीक येणार. आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. ती बिचारी काय करणार? मला राग तुमचा आला होता, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

नगररचना म्हणजे काय, हे तुम्हाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. "गावं कशी वसवायची ते शिकवतात," म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "गावं तर वसलेलीच हायत की बाई!" पण दिल्लीच्या कॉलेजनं आमचा वर्ग पाहणीसाठी नेपाळला न्यायचं ठरवलं, तेव्हा काकांपुढे तुम्हीच उभे राहिलात. "पोरीला मुलखाबाहेर धाडायलास?" काकांनी विचारलं. "ती मोजमाप करायला जायलीय, पळून न्हाई," तुम्ही म्हणालात. केवढी ताठ झाली होती माझी मान!

तिकडे काठमांडूजवळ पाटणच्या चौकांत रस्त्याच्या कडेला छप्पर घातलेले ओटे आहेत, अण्णा. दमलेल्या माणसानं टेकावं, म्हाताऱ्यांनी गप्पा माराव्यात, कुणी कुणाला उठवत नाही. मी टेप धरून त्यांची लांबीरुंदी घेत होते आणि डोक्यात पालमचा स्टँड होता. तिथे आपल्या बायका उन्हात गाठोड्यावर बसतात ना! हे अण्णांना सांगायचं, ते सांगायचं, असं रोज चाललं होतं. आणि इकडे तुम्ही अंथरूण धरलं होतं.

काठमांडूचा पत्ता तुमच्याजवळ होता की! सरांनी मुद्दाम सगळ्यांच्या घरी कळवला होता. देवाच्या फोटोमागे तुम्ही स्वतः खोचून ठेवला होता. एक तार करायला काय झालं होतं?

परत येताना मी परभणीला रेल्वेतून उतरले. नामांतराच्या बंदमुळे एसट्यांचा काही नेम नव्हता. गंगाखेडपर्यंत कशीबशी आले आणि पुढची गाडी मिळेपर्यंत मावशीकडे गेले. मावशीनं पाण्याच्या आधी ताटच पुढे केलं. पिठलं आणि भाकरी. मी काय म्हणावं? "मावशे, परदेशातून आले तरी पिठलंच का गं?" ती चुलीकडे तोंड करून बसली. "खा गं माय, पोटभर खा," एवढंच म्हणत राहिली. मला वाटलं, धूर लागला डोळ्यांना.

पालमच्या स्टँडवर बाळू न्यायला आला होता. डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळलेला. "काय रे, लग्नबिग्न ठरवलंस की काय?" मी चिडवलं. माझा धाकटा भाऊ, एरवी एकाला दोन उत्तरं देणारा! "डोकं दुखायलंय ताई," म्हणाला. हॉटेलवाल्या चाचांनी न मागता भज्यांची बशी आणून ठेवली. "पहले खा लेव बेटी, फिर जाव घर कू." मी खात होते आणि बडबडत होते. स्टँडवर ओटा कुठे हवा, छप्पर कुठवर हवं, हे बोटानं टेबलावर काढून दाखवत होते. सगळे ऐकत होते, माना डोलवत होते. सगळ्यांना ठाऊक होतं, अण्णा! एकट्या मला सोडून सगळ्या स्टँडला ठाऊक होतं!

तुमच्यासाठी मी रंगीत नेपाळी टोपी आणली होती. पिशवीतून काढली आणि म्हटलं, "थांब, अण्णांना होईल का, तुझ्या डोक्यावर बघते." बाळूनं दोन्ही हातांनी टॉवेल धरला. मी हसत हसत ओढला.

त्याचं डोकं तासलेलं होतं.

माझ्या तोंडात भजं होतं. ते गिळावं की थुंकावं, हेही मला कळेना.

तुमचा तेरावासुद्धा होऊन गेला होता. मी बाळूची गचांडी धरली. तो रडत रडत म्हणाला, "अण्णाच म्हणले, ताईला कळवू नका, तिची पाहणी पुरी होऊ द्या. आन आली तरी उपाशी पोटी सांगू नका."

उपाशी माणसाला मयताची बातमी देत नाहीत, हे मला कळत नाही का? ऐकल्यावर घास उतरत नाही, म्हणून आधी खाऊ घालायचं. शेजारच्या घरी मी स्वतः तशी वागले आहे. पण वाटेत मला आपली तीन माणसं भेटली, त्यांतल्या एकालाही माझी कीव आली नाही? की तुमचा शब्द एवढा मोठा होता?

घरच्यांशिवाय मुलखाबाहेर जाऊ शकते, एवढा तुमचा माझ्यावर भरवसा होता. मग बापाचं आजारपण मला झेपलं नसतं, हे कुणी ठरवलं? आठवडाभर अंथरुणावर होतात ना तुम्ही! तार केली असती तर मी पोचले असते. पाय चेपले असते, पाटणचे ओटे सांगितले असते. पाहणी पुढच्या वर्षीच्या पोरांनीही केली असती. माझ्या वाटणीचा तुमचा शेवटचा आठवडा तुम्ही परस्पर कुणाला दिलात, अण्णा?

टोपी कपाटात आहे. बाळूचे केस आता वाढलेत, पण तो ती घालत नाही आणि मीही आग्रह करत नाही.

मघाशी आईची समजूत काढली. तिला आणि बाळूला बजावलं, काही झालं तरी आधी कळवायचं, माझ्या पोटाची काळजी नंतर. तुम्हालाही शब्द देते. पुन्हा ताटावरून उठणार नाही. आई "आधी जेव" म्हणाली की मुकाट्यानं बसेन. पण घास मोडण्याआधी एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारीन, मावशीची, मामाची, बाळूची, काकांचीसुद्धा. आज रात्रीच्या ताटावर तशीच विचारायला बसले आणि सवयीनं पहिलं नाव तुमचंच तोंडात आलं.

तुमच्यावर अजून रागावलेली,
शकू