तुझ्या ट्रॅक्टरच्या मापाचा रस्ता

घोटी,
बुधवार

चि. ज्ञानेश यास,

संजनाताईचा जय भीम, आणि थोरली म्हणून द्यावे लागतात तेवढे सगळे आशीर्वाद. तू, सुवर्णा आणि मुलं खुशाल असालच. फोन न उचलण्याइतकी तुझी प्रकृती ठणठणीत आहे, हे मला रोज कळतं. आईची तब्येत आपल्याच धाकट्या भावाला विचारायची हे मला अजून जमत नाही, पण विचारते. रात्री पाय दुखतात का? वेणी कोण घालतं? माझं इकडे बरं चाललं आहे. फोन लागला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून कागद घेतला. तो मध्येच कट करता येत नाही.

आईला माझ्याकडे राहायला यायचं आहे, हे तिने तुझ्यादेखत सांगितलं. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला माझा चढ चढवत नाही, हेही खरं. त्यावर तूच म्हणालास की ताई, गाडी तुझ्या दारात जाऊ दे, त्याच दिवशी आईला आणून सोडतो. (सुवर्णा साक्षीला होती. ती बिचारी साक्षीलाच असते.) माझं घर टेकडीच्या अंगावर, डांबरी सडक खाली आणि मध्ये पाऊलवाट. निवृत्तीनंतर मी इथे घर बांधलं तेव्हा, मुख्याध्यापकबाईंना उंचावर बसायची सवय लागली, असं तू चारचौघांत म्हणाला होतास. असो. मी रस्ता करायला घेतला आणि तू मोठ्या मनाने चांदवडच्या द्राक्षबागेतला तुझा छोटा ट्रॅक्टर आणि तो चालवणारा बहिरू, दोघांना पाठवून दिलंस. उपकार मानते. मानल्याशिवाय तू राहू देणार नाहीस.

ट्रॅक्टर टेम्पोतून उतरला तो पाठीवर फवारणीचा ब्लोअर घेऊन. माझ्या टेकडीला द्राक्षांसारखा भुरी रोग झाला असेल तर सोय असावी, असा काही तुझा विचार असेल. माती ओढायची फळी आणि ट्रॉली मागाहून आली. बहिरू माणूस सरळ, चहाला नाही न म्हणणारा, कामाला वाघ. पण त्याचा सगळा जन्म द्राक्षांच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर काढण्यात गेला आहे, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या आहेत. त्या उपटून टाक, असं मी त्याला सांगून ठेवलं आणि बाजाराला गेले. परत येते तो काय, रस्ता सुरेख झालेला, सुतासारखा सरळ, आणि बरोबर तुझ्या ट्रॅक्टरच्या मापाचा. दोन्हीकडे वीतभर जागा, आणि एकाही जाळीचं पान म्हणून दुखावलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "ताई, कडेला घासलं की साहेब लय बोलतात. हात आपोआप आत येतो." साहेब म्हणजे तू. म्हणजे इथे नसूनही तू माझ्या रस्त्याचं तोंड आवळून ठेवलंस. (जाळ्या मग काढायला घेतल्या, तर त्यांची मुळं कातळात. त्या ट्रॅक्टरने मुळाला साखळी लावून जोर केला, दोनदा खोकला आणि बंद पडला.)

त्यानंतर मुरूम. भरलेली ट्रॉली घेऊन चढावर निघाला की तुझ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उठायची आणि बहिरू आभाळाकडे बघत ब्रेक दाबायचा. पुढे वजन पाहिजे म्हणाला. मीच जाऊन बसणार होते, पण खाली सडकेवर माझे जुने विद्यार्थी रिक्षा लावतात, म्हणून स्वतःला आवरलं. घरात वजनदार असं दुसरं काय होतं, तर तुझ्यासाठी बाजूला ठेवलेलं इंद्रायणी तांदळाचं पोतं. ते पुढे बांधलं. निम्म्या चढावर दोरी सुटली, पोतं घासत, फाटत खाली आलं आणि रस्ताभर तांदूळ झाला. गावातल्या कोंबड्या दोन दिवस आपापल्या घरी गेल्या नाहीत. तेव्हा यंदा तुझ्याकडे तांदूळ येणार नाही. तो तुझ्याच ट्रॅक्टरपायी गेला, याचं समाधान मान.

आता जे सांगते ते वाचून तू हसशील, पण हस. नवा रस्ता म्हटल्यावर पावसाचं पाणी कुठे काढायचं हा प्रश्न आला. चढाच्या पायथ्याशी जीवनरावांचं भाताचं खाचर आहे. शेजाऱ्याला आधी सांगितलेलं बरं, म्हणून मी शिष्टाचाराने त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले की काळजी करू नका, पाणी मी आपल्या बाजूला काढते आहे. आपल्या, म्हणजे माझ्या स्वतःच्या. जीवनरावांनी ऐकलं, आपल्या म्हणजे त्यांच्या, कारण मी त्यांच्याशी आदराने बोलत होते. त्यांनी चहा दिला, आणि मी घरी पोचायच्या आत कुदळ घेऊन, पाणी अडवायला रस्त्याच्या तोंडाशी आडवी चारी खणून मोकळे झाले. मी भांडायला गेले. ते म्हणाले, बाई तुम्हीच सांगून गेलात. सगळी नोकरी आत्मवाचक सर्वनाम शिकवण्यात गेली आणि शेवटी त्याच सर्वनामाने माझा रस्ता कापला. उलगडा झाला तेव्हा ते ओशाळले, चारी त्यांनीच बुजवली, आणि हल्ली आमच्यात चांगलं बोलणं आहे. फक्त 'आपण' हा शब्द दोघेही टाळतो.

तर असा हा रस्ता बघायला तू गेल्या रविवारी आलास. आईला घेऊन येणार होतास, म्हणून मी सकाळपासून स्वयंपाक करत होते. गाडी खाली थांबली. तू उतरलास, कमरेवर हात ठेवून वर पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, हा रस्ता आहे का सरी?" गाडीला ओरखडे येतील. बहिरू म्हणाला, ट्रॉलीत गादी टाकून आजींना अलगद नेतो. त्यावर तू, आई काय खताची गोणी आहे का, म्हणून त्याच्यावर ओरडलास. ते बरोबरच होतं, मला पटलं. पण नंतर तुझं रुंदीबद्दल बोलून झालं, काँक्रीटबद्दल झालं, कठड्याबद्दल झालं, आणि शेवटी 'पावसाळा संपल्यावर बघू' झालं. इतका वेळ आई पुढच्या सीटवर बसून होती. तिने काच खाली घ्यायला सांगितली, तर तू म्हणालास, गार हवा जाईल. मी थर्मासमधून चहा खाली आणला आणि माझ्या आईने माझ्या घराच्या पायथ्याशी, गाडीत बसून, पाहुण्यासारखा तो प्यायला. कप परत देताना तिने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. ते तू पाहिलं नाहीस. गाडी वळवत होतास.

ज्ञानेश, मला फार राग आला आहे, आणि मी तो लपवणार नाही. रस्ता अरुंद आहे हे मान्य. पण तो रुंद झाला असता तर तू चढाचं निमित्त काढलं असतंस, आणि मी टेकडी सपाट केली असती तर म्हणाला असतास, घोटीला पाऊस फार. कमावता मुलगा असताना आई लेकीकडे राहते, हे तुला लोकांना सांगवत नाही. एवढंच आहे. ते सरळ म्हण. मी भांडेन, रडेन, पण निदान मुरूम तरी ओढणार नाही.

मुलांना पापा. सुवर्णाला म्हणावं, लिंबाचं लोणचं मुरलं आहे.

तुझी
संजनाताई

ता. क. ट्रॅक्टर उद्याच परत पाठवते आहे. माझ्याकडे त्याचं आता काही काम नाही आणि तुझं मला काही नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं आहे. आत्ता आईचा फोन आला होता. (सुवर्णाने लावून दिला. तिला काही बोललास तर याद राख.) आई म्हणाली, "संजे, ऱ्हाऊ दे आता तो रस्ता. चार माणसं बघ, मला वर न्यायला." मी तिच्यावर इतकी चिडले की काय सांगू, असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही म्हणाले, आणि रडायलाच लागले. तिने माझं रडणं संपू दिलं. मग म्हणाली, "अगं येडे, खुर्चीत बसवून. मेल्यावर तर नेणारच हायेत, जित्ती हाय तवर न्या म्हणते."

ट्रॅक्टर उद्या येत नाही. बहिरू मला रविवारपर्यंत लागेल. हात असलेली लाकडी खुर्ची काढून ठेवली आहे, तिला दोन बांबू तो बांधतो आहे. बहिरू, जीवनराव आणि त्यांचा मुलगा रुद्र, असे तिघे झाले. चौथा इथे गावात कोणीही मिळेल, पण आईने तुझं नाव सांगितलं आहे. रविवारी तिला घेऊन ये. चपला नको, बूट घालून ये. मुरूम अजून घसरतो.