तांब्याची तार बांधलेल्या चपला

३ नोव्हेंबर, सोमवार

मशिदीच्या वजूखान्याला, नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेला, खरं काय लागलं ते लिहून ठेवतो. पंप एक, नळ बारा, माणसं दोन, दिवस सहा, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. पैसे धरत नाही. आणि या सगळ्यावर जो दगड बसणार, त्यावर नाव कुणाचं? धाकट्याचं!

भावाला जाऊन अकरा वर्षं झाली. खाली आमचं वर्कशॉप होतं ती जुनी इमारत खचली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या खालाला त्याने पाठीवर घालून रस्त्यावर आणलं, आणि पुन्हा आत गेला. मग सगळंच खाली आलं. दुसऱ्यांदा कशाला गेला, ते कुणाला माहीत नाही. तेव्हापासून तो शहीद. मी? मी पंपवाला.

५ नोव्हेंबर, बुधवार

इमामसाहेबांना आज सरळच विचारलं. शहीद म्हणजे लढाईत गेलेला ना? हा तर विटांखाली गेला. ते शांतपणे म्हणाले, बुडून, जळून, ढिगाऱ्याखाली गेलेल्यालाही तो दर्जा सांगितलाय. आणि शहिदाला मेलेला म्हणायचं नाही. तो जिवंत असतो, आपल्याला उमगत नाही एवढंच.

मी म्हटलं, आमच्या घरी उलटं आहे. जिवंत मी आहे, आणि उमगत मीच नाही कुणाला.

हसले. मग मी खडा टाकला — दुसऱ्यांदा आत गेला तो माणसासाठीच कशावरून? नव्या ड्रिल मशीनसाठी गेला असेल, जीव होता त्याचा त्या मशीनवर. यावर मात्र हसले नाहीत. ‘नियत अल्लाह जाणतो,’ म्हणाले. ‘तुम्ही कशाला त्या चौकशीत पडता?’

पडणार. पंपाला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो मी. एवढं नाही कळणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेच्या नमाजानंतर अम्मीची दुआ भिंतीतून ऐकली. धाकटा चार वेळा. मी एकदा — तेही खोकल्यासाठी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतंय!

अम्मीच्या कपाटात पांढऱ्या फडक्यात चपलांचा एक जोड आहे. ढिगारा उपसला तेव्हा वर्कशॉपच्या उंबऱ्यापाशी सापडलेला. डाव्या चपलेचा अंगठा मोटारीच्या तांब्याच्या तारेने बांधलेला. दर शुक्रवारी ती फडकं सोडते, चपला पुसते, काहीतरी पुटपुटते, पुन्हा बांधून ठेवते. आल्यागेल्याला दाखवते, ‘शहिदाच्या.’

त्या माझ्या आहेत.

त्या दिवशी धाकटा अनवाणीच वर गेला होता, खालाची टाकी गळत होती म्हणून. नव्या कोऱ्या चपला भिजायला नकोत, तर उंबऱ्यापाशी काढून गेला. मी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत जोहरचा, दुपारचा नमाज पढून बाहेर आलो. समोर त्याच्या चकचकीत चपला, शेजारी माझ्या तार बांधलेल्या. म्हटलं, बघू तरी लाडक्याचा थाट! त्याच्या घातल्या आणि गेलो चहाला. तिसऱ्या रस्त्यावर होतो तेव्हा आवाज झाला.

त्याच्या चपला दोन वर्षं वापरल्या. झिजेपर्यंत.

तारेने आम्ही दोघंही बांधायचो, म्हणून अम्मी फसली. मीही बोललो नाही. अकरा वर्षं माझ्याच चपला पुसतेय माउली आणि सवाब, सगळं पुण्य, त्याच्या नावावर! एवढी गोष्ट एवढी वर्षं पोटात ठेवणारा या घरात मी एकटाच.

आणि एक. मी वाचलो तो चहामुळे. मला काढायला कुणी आलं नव्हतं. वर्कशॉप पुन्हा उभं केलं तेही कुणाच्या उपकाराशिवाय.

१० नोव्हेंबर, सोमवार

दगडवाल्याकडे गेलो. धाकट्याचं नाव छान कोरलंय, ‘शहीद’ वर ठसठशीत. म्हटलं, खाली आणखी एक ओळ घाल — बांधून देणार, आणि माझं नाव. त्याने विचारलं, केवढ्या अक्षरात? म्हटलं, वाचता येईल एवढ्या. वजू करताना माणूस वाकतो, त्या अंतरावरून.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मेलेल्याशी कसली हो बरोबरी? त्याच्यासारखं नाव हवं असेल तर जावं लागेल त्याच्यासारखं.’

जेवलो नाही. चारला भूक लागली, मग जेवलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या दगड बसणार म्हणून खाला आली. इमारत पडली त्या आठवड्यातच लेकीकडे लांब गेली होती, ती आज आली. नव्वदीला टेकली आहे, पण आवाज खणखणीत. मी पाणी दिलं. माझा हात धरून बसली. मला संधीच मिळाली — विचारलं, खाला, दुसऱ्यांदा कशाला गेला तो?

माझ्याकडे बघतच राहिली. ‘तुला माहीत नाही?’

नाही म्हटलं.

‘मला खाली ठेवलं आणि दाराकडे बघितलं. म्हणाला, भाईच्या तारेच्या चपला दारातच आहेत. नमाजात असेल, त्याला ऐकू गेलं नसेल. आणि पळाला. मी ओरडत होते, बेटा, नको.’

मी वर पंख्याकडे बघितलं. बेअरिंग गेलंय त्याचं.

मग तीच म्हणाली, ‘मला वाटलं अम्मीने सांगितलं असेल. तिला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली, थोरल्याच्या कानावर घालू नकोस, तो जगायचा नाही.’

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दगडवाल्याकडून खालची ओळ घासून घेतली. दगड तिथे जरा खोल झालाय. लोकांनी विचारलं, मी म्हटलं, दगडच तसा होता.

घरी आलो तर अम्मी कपाटापाशी बसली होती. फडकं सोडलेलं. मी दारात थांबलो. आज पहिल्यांदा भिंत मध्ये नव्हती, पुटपुटणं नीट ऐकू आलं. आधी धाकट्यासाठी मगफिरत, त्याच्या गुन्ह्यांची माफी. मग चपला पुसता पुसता, तारेवरून बोट फिरवत — माझ्यासाठी. आयुष्य मागत होती.

अम्मीला पहिल्यापासूनच माहीत होतं, चपला कुणाच्या.