अकरावी आणि बारावी पट्टी

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले आणि आतल्या आत धुमसत राहिले. आता तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय आणि तिची प्रस्तावना लिहायला प्रकाशकाच्या संपादकबाईंनी मलाच सांगितलंय. "तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या विद्यार्थिनी ना," त्या म्हणाल्या, "मग ती प्रसिद्ध चूक कशी झाली, तेही लिहा." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून एकटीच हसले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं मला.

पुण्याहून मी तुमच्याकडे आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. प्राचीन चीन शिकवणारा मराठी माणूस, तोही इंग्लंडात! आईने तुमच्यासाठी चकलीची भाजणी बांधून दिली होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला लढणाऱ्या राज्यांचा काळ शिकवायला घेतलात. सात राज्यं, अडीचशे वर्षांची मारामारी, आणि त्या धामधुमीत एका दरबारातून दुसऱ्या दरबारात हिंडणारे तत्त्वज्ञ. कुणी राजाला युद्ध शिकवतोय, कुणी युद्ध थांबवा म्हणून पाय रक्ताळेपर्यंत चालत येतोय, आणि शेवटी छिन राज्य सगळ्यांनाच गिळून टाकतं. मग तुम्ही त्या सूड घेणाऱ्या सेवकाची गोष्ट सांगितलीत. धन्याला मारणाऱ्याचा जीव घ्यायचा म्हणून त्याने झाडाचा जहरी चीक अंगाला फासला, कोळसे गिळून आवाज घालवला, इतका की बायकोनेही ओळखलं नाही. तरी तो पकडला गेला. तेव्हा त्याने शत्रूचा नुसता अंगरखा मागून घेतला, त्यावर तीन वार केले आणि स्वतः मेला. तुम्ही विचारलंत, "कापडावर वार करून काय मिळालं त्याला?" मी म्हटलं, "शत्रूला कळलं, सर, कोण आणि का ते." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. त्या दिवसापासून मी तुमची लाडकी झाले.

मग तुमच्या घरी काकूंचं स्वयंपाकघर. शनिवारी दुपारी कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात, टेबलावर मेणकापड, आणि त्यावर मी एका थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांचे फोटो कातरून मांडतेय. राजा आणि परराज्याचा दूत यांचा संवाद त्या पट्ट्यांवर लिहिलेला. पट्ट्या ओवणारा दोरा दोन हजार वर्षांपूर्वीच कुजलेला, त्यामुळे कुठली आधी नि कुठली नंतर याचा पत्ता नाही. तुम्ही आठ वर्षं अर्थावरून क्रम लावत होतात. मी सहज पट्ट्यांच्या पाठीचे फोटो काढले, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि प्रत्येक पाठीवर एक बारीक ओरखडा दिसला. बांबू फोडण्याआधीच कुणीतरी त्यावर तिरकी रेघ मारून ठेवलेली. पट्ट्या बरोबर लावल्या की रेघ सलग उतरत जाते. तुम्ही खुर्ची मागे ढकलून उठलात. "अगं गधडे, काय केलंस हे!" आणि काकूंना हाक मारलीत, "इकडे ये, बघ या मुलीने काय केलंय!" काकूंनी पिठाच्या हाताने माझी दृष्ट काढली. निघताना तुम्ही तुमचं पितळी भिंग माझ्या हातात ठेवलंत. बसमध्ये मी ते सारखं काढून बघत होते.

सात महिन्यांनी तुमचा लेख आला. रेघेचा शोध तुमचा, नाव तुमचं. तळटीपेत माझे आभार, फोटोकॉपीच्या कामात मदत केल्याबद्दल. मी तो लेख घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थीसिस संपव आधी. तुझ्या वयात मी गुरूंच्या घरी पाणी भरलंय." मग मान वर करून, जरा हळू, "हे बघ, इथे आपल्या माणसाला दार एकदाच उघडतं. मी वीस वर्षं बाहेर उभा आहे. मला आत जाऊ दे, मग तुला घेतो." मी "ठीक आहे, सर" म्हटलं. माझा व्हिसा तुमच्या सहीवर होता, दुसरं काय म्हणणार? तुम्ही आत गेलात, प्रोफेसर झालात. दार लावून घेतलंत.

पुढचं तुम्हाला सांगण्यासाठीच हे लिहितेय. तुमच्या पुस्तकाची प्रुफं तुम्ही मला वाचायला दिलीत, कारण माझ्याइतकी बारीक नजर कुणाची नाही, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात. त्यात अकरावी आणि बारावी पट्टी उलटसुलट पडली होती. त्यामुळे दूताचं बोलणं राजाच्या तोंडी गेलं होतं. लढाई नको म्हणून गयावया करतो तो दूत, पण पुस्तकात राजाच शांतिप्रिय ठरला, आणि त्या राजावर तुम्ही अख्खं प्रकरण रचलंत. पाठीकडे एकदा बघितलं असतंत तर रेघ तुटलेली दिसली असती. जो शोध माझ्याकडून हिसकावून घेतलात, तो तुम्ही स्वतःच्या पुस्तकाला लावूनसुद्धा पाहिला नव्हता! मी बाराव्या पट्टीशेजारी पेन्सिलने ठिपका दिला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग खोडला, आणि तुम्हाला सांगितलं, "सर, सगळं छान आहे."

दोन वर्षांनी केंब्रिजच्या एका परिषदेत एका तरुण संशोधकाने पडद्यावर त्या पाठी दाखवल्या. रेघ उतरत येते, अकराव्याला खाली उडी मारते, बाराव्याला परत वर. सभागृह हसलं. तुम्ही उभे राहिलात, कागद चाळलेत, आणि "यू आर क्वाइट राइट," म्हणून खाली बसलात. परतीच्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर बसून तुम्ही सँडविचचं वेष्टन नुसतं चुरगाळत राहिलात. मला गार वाटलं, सर. खोटं कशाला सांगू? वर्षभरात तुम्ही लवकर रिटायर झालात, आणि त्यानंतर तीन वर्षांत गेलात. तुमच्या अंत्यविधीला मी भाषण केलं, लोक रडले. पण एक गोष्ट खुपत राहिली. त्या सेवकाच्या शत्रूला तरी कळलं होतं. तुम्ही मात्र कोण आणि का हे न कळताच निसटलात.

गेल्या रविवारी काकूंनी मला नॉटिंगहॅमला बोलावलं. त्या घर विकून मुलाकडे जाणार आहेत. सगळीकडे खोके. "लॉफ्ट क्लिअर करतेय गं. हे तुझं आहे," असं म्हणत त्यांनी एक जाड पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "हे म्हणाले होते, तिने विचारलं तरच दे. तू कधी विचारलंच नाहीस. आता काय, बाहेरच्या कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकू?" आत ती प्रुफं होती. बाराव्या पट्टीशेजारी माझ्या खोडलेल्या ठिपक्याचा डाग, आणि त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ. तुमची शाई. बाकी एक अक्षर नाही.

"कधी बघितलं हे सरांनी?" मी विचारलं.

"केंब्रिजहून आले त्याच दिवशी. प्रुफं काढून बसले होते. मला म्हणाले, ती वाचायला तिला दिली होती हे कुणाजवळ बोलू नकोस, तिच्या नोकरीचं बघतोय मी. का गं, काय झालं होतं?"

"काही नाही, काकू," म्हटलं. त्यांनी मला गरम पोळी वाढली, वर तूप. मी ती संपवली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझ्या नोकरीसाठी तुम्ही जे शिफारसपत्र लिहिलंत, ते हे माहीत असताना लिहिलंत. मला आजारपणात तुमच्या उशाशी बसू दिलंत, माझ्या हातची पेज प्यायलात, आणि एका शब्दाने विचारलं नाहीत. ही माफी होती, की तुमच्या चोरीची फेड, की मला आयुष्यभर कुरतडत ठेवायची युक्ती? मला वाटतं, तिन्ही. तुम्ही माझा शोध हिरावून घेतलात आणि मग माझा सूडही हिरावून घेतलात. मोठे झालात पुन्हा, मेल्यानंतर! याची मला इतकी चीड आली की परतताना ए-५२ हायवेवर गाडी बाजूला लावून मी स्टिअरिंगवर हात आपटले आणि मग रडले, ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ठाऊक नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? काकूंच्या नव्या पत्त्यावर तर नाहीच. त्या वाचतील. खरं सांगितलं तर तुमच्या नावावरचा डाग निम्मा पुसला जाईल आणि तो माझ्यावर येईल, हे मला कळतं. चार दिवस मी तेच लिहीन असं ठरवत होते. प्रस्तावना काल पाठवली. चूक तुमच्या एकट्याची, असंच लिहिलंय.