दोन लग्ने, तीन लेकरे आणि बोडीखालच्या बांध्या

मी, तेजराम सदाशिव निंबार्ते, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची असून वडिलार्जित काही नाही.

१. माझे पहिले लग्न सिहोऱ्याच्या निर्मलाबाईशी झाले. दोन घरांनी ठरवले, आम्ही निमूट उभे राहिलो. पुढे मात्र फार जीव लागला. मनीषला मागे ठेवून ती वारली. नंतर मी विधवा शकुंतलाबाईशी पाट लावला. पाटाला ना मांडव, ना वाजंत्री. पहिल्या नवऱ्यापासूनची लहानगी हर्षा कडेवर घेऊन ती घरात आली. मग कैलाश झाला.

२. राहते घर शकुंतलाबाईचे. तिला कोणी ‘पाटाची’ म्हणू नये. माझ्या बहिणीने तर मुळीच नाही.

३. रस्त्यालगतचा प्लॉट कैलाशला. तो नागपूर सोडून शेती करणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. बोडीखालच्या दोन धानाच्या बांध्यांपैकी वरची मनीषला, खालची माझी मुलगी हर्षा हिला. बोडीच्या तळ्यात साठलेले पाणी मनीषच्या बांधीतूनच खाली उतरते. म्हणून धान निसवताना, लोंब बाहेर पडते तेव्हा, त्याने दोन्हींमधला मातीचा धुरा फोडून आधी हर्षाचे धान भिजवावे. कायद्याने ती माझी वारस ठरत नाही, त्यासाठीच हा कागद.

४. वर्गात मी पोलंडच्या एका मध्ययुगीन ड्यूकची गोष्ट सांगत असे. त्याने दोन राण्यांच्या मुलांत राज्य वाटून दिले. थोरला धाकटीच्या मुलांवर चालून गेला आणि शेवटी स्वतःच देशोधडीला लागला. पोरे हसत. मला आता हसू येत नाही. मनीष, तू थोरला आहेस, माझा जीव तुझ्यापाशी अडकला आहे.

५. मसुदा मनीषला वाचायला दिला. त्याने तो वाचून काढला. मग म्हणाला, “बाबा, पाणी आधी माह्याच बांधीले. हर्षासंगं मी भांडून घेईन, तू मधात नोको पडू. पण हे ‘सावत्र मुलगी’ कायले लिवलं?”

पाण्याची अट कायम आहे. कलम ३ मधला ‘सावत्र’ हा शब्द मनीषने स्वतःच्या हाताने खोडला. त्या खाडाखोडीपुढे मी सही केली आहे.

करडी, दि. १४ नोव्हेंबर २०२४
(सही) तेजराम सदाशिव निंबार्ते

साक्षीदार:
(सही) तुलाराम गोविंदा गभणे, शेजारी
(सही) श्यामराव बाजीराव भोयर, निवृत्त शिक्षक