मंडईच्या चित्रातला उजेड

आप्पा, पुण्याच्या मंडईजवळच्या रस्त्याचं तुम्ही काढलेलं ते चित्र नेमकं कुठल्या वेळचं आहे? तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी हे आत्ता विचारतेय, वेडीच म्हणा मला. दौंडच्या दुकानांच्या पाट्या करून उरलेल्या रंगात तुम्ही ते काढलं होतं. टांगे, भाजीच्या हातगाड्या, सायकलवाले आणि सगळ्यांवर पसरलेला तो पिवळसर उजेड. आईनं ते स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर टांगलं, कारण दुसऱ्या कुठल्या भिंतीत खिळाच टिकत नव्हता. भाकरी खाता खाता मी त्या रस्त्यावर हिंडून यायचे. एकदा म्हणाले, मंडईत संध्याकाळ किती छान पडते. तुम्ही पाटीवरचं अक्षर भरत होता. मान वर न करता म्हणालात, "आधी सावल्या बघ. मग बोल." झालं, मी रुसले आणि सावल्या काही बघितल्या नाहीत.

आता चित्र माझ्याकडं शिरूरला आहे. परवा नवी फ्रेम करायला नेलं, तर फ्रेमवाला म्हणतो, "ताई, ह्यो उजेड न्हाई, स्टोव्हचा धूर हाय. पुसला की खालचं चित्र निघंल." माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाचा उजेड याला धूर वाटतो! चित्र उचलून घरी आणलं आणि पहिल्यांदा सावल्या बघायला बसले. टांग्याची सावली लांब डावीकडं पडलीय, पण रस्ता कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते मला ठाऊक नाही. माणसांना तर सावल्याच नाहीत. त्या धुरानं झाकल्या की तुम्ही काढल्याच नाहीत?

काल दुपारी राहवलं नाही. जुन्या बनियनचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये भिजवून वरचा कोपरा पुसला. खालून पांढुरकं, ढगाळ आभाळ निघालं. मग एकदम आठवलं की पाटी वाळल्यावर तुम्ही तिच्यावर पातळ पिवळ्या रंगाचा हात मारायचात, ऊन पडल्यासारखी दिसावी म्हणून. मी धूर पुसला की तुमचं ऊन, मला खरंच कळत नाही आप्पा.

घरात सांगितलंय की कोपरा फ्रेमवाल्यानं घालवला. हे पत्र घरच्यांच्या हाती लागू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही. कापडावर पिवळा डाग पडलाय. धुराचा वास येतो का म्हणून मघाशी हुंगून पाहिलं. नुसता टर्पेंटाइनचा येतोय, तुमच्या सदऱ्याला यायचा तसा. मग कापड धुवायला टाकलंच नाही.